भिवाजींचं कुलूप

खोपोलीच्या कारखान्यात दीक्षाला फिटर म्हणून घेतलं खरं, पण पहिली दोन वर्षं तिच्या हातात पाना कमी आणि झाडूच जास्त. तिनं कुरकुर केली नाही. दहिवलीहून सगळ्यांच्या आधी यायची, जेवणाच्या सुट्टीत पत्रा दाबणारं एकेक प्रेस मशीन उघडून समजून घ्यायची. टोमणे ऐकून न ऐकल्यासारखं करायची. शेवटी साहेबांना तिला ग्रुप लीडर करावंच लागलं. तेही तात्पुरतं, पक्कं नंतर बघू म्हणाले.

तिचा हट्ट एकच. दुरुस्तीला प्रेसखालच्या खड्ड्यात उतरणाऱ्यानं, वर कुणी मशीन चालू करू नये म्हणून, मेन स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. ते त्यानंच वर येऊन काढायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

एका दुपारी दुरुस्ती आटोपली, तरी स्विचवर खाली उतरलेल्या फिटर भिवाजींचं कुलूप तसंच. भिवाजी गायब, फोन बंद. दीक्षानं खड्ड्यात उतरून टॉर्च मारून पाहिलं. कुणी नव्हतं. साहेबांनी कुलूप तोडायला सांगितलं.

"आधी ते सापडू देत, साहेब."

"आत कुणी नाही हे तूच बघितलंस ना?"

"बघितलं. पण आज हे तोडलं, तर उद्या खाली उतरणाऱ्यानं कशाच्या भरवशावर उतरायचं?"

प्रेस संध्याकाळपर्यंत बंद राहिली, ठरलेला माल निघाला नाही. मग भिवाजी आले, गालाला हळद लागलेली. भाचीची हळद होती, म्हणून सुट्टीत मागच्या मागे सटकले होते. दीक्षाला वाटलं, निदान हा माणूस तरी आपली बाजू घेईल.

"तोडायचं होतंस ना, बाय," भिवाजी म्हणाले. "कुलूप काय सोन्याचं हाय? माझ्या नावानं सगळ्यांचा बोनस बुडवलास."

"लीडर हाय ती," ग्रुपमधला सदू म्हणाला, आणि सगळे हसले. साहेबही.

पुढच्या आठवड्यात तिच्या जागी ग्रुपमधलाच राजेश लीडर झाला. प्रेस पुन्हा अडली तेव्हा खाली कुणी उतरायचं, यावर फार चर्चा झाली नाही. काम दीक्षालाच येत होतं. तिनं स्विचला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. शेजारी भिंतीवर खिळा ठोकून कुलूप तोडायचा नवाकोरा बोल्ट कटर टांगला होता. सोयीसाठी, राजेश म्हणाला.

दीक्षानं तो काढून काखेत मारला आणि खड्ड्याच्या शिडीवर पाय ठेवला.

"आमच्यावर भरवसा नाय का गं?" सदूनं विचारलं.

"नाय," ती म्हणाली आणि खाली उतरली.