सगुणकाकांची उघडी माटोळी

चवथीच्या आदल्या दिवशी सगुणकाका पुढच्या दाराची आडी, म्हणजे आतला अडसर, काढून माळ्यावर टाकायचे. ती विसर्जनानंतरच खाली यायची. इब्रामपुरात आमच्या शेजारी ते एकटेच राहत. काकी गेली होती, मूलबाळ नव्हतं. तरी गणपतीच्या डोक्यावरची माटोळी, म्हणजे रानफळांचं छत, ते हौसेने बांधत. कवंडळं, कांगणी, घागऱ्या, आंबाडे, सगळं रानात हिंडून स्वतः आणलेलं.

धाकटे भाऊ वसंतकाका यांच्याशी बागायतीच्या हद्दीवरून त्यांचं बोलणं तुटलं होतं. पण चवथीला वसंतकाका यायचे, माटोळीखाली हात जोडायचे आणि न बोलता जायचे. आमच्याकडे दर्शनाला आमंत्रण नसतं. "येवचो तो येता," सगुणकाका म्हणायचे. मग वसंतकाका मस्कतला मुलाकडे गेले आणि तिकडचेच झाले.

मी म्हापशाला संगणकाचं काम करतो. "माटोळीचे फोटो कोणाकय कधीय बघूक मेळतले असे ठेव," असं काकांनी मला सांगितलं. गावाच्या फोनवरच्या गटात वसंतकाकाही होते, पण तिथले फोटो दोन दिवसांत गप्पांखाली बुजत. मी इंटरनेटवर साठवणीची जागा घेऊन दिली. काकांनी एकेका फळाचा फोटो चढवला, मी लिंक गटात टाकली.

पुढच्या वर्षी चवथ जवळ आली तेव्हा काकांचा फोन आला. "अरे, पाववाल्या पोदेराच्या फोनार उघडणत नाय."

माझ्याकडे उघडत होते. काकांकडेही उघडत होते. उघडणारच, आम्ही दोघे त्याच खात्यातून आत शिरलेले. बाहेरच्या प्रत्येकाला मात्र 'परवानगी नाही' एवढंच दिसत होतं.

"गेल्या चवथीक कोणी कायच बोलूक नाय," काका म्हणाले. "माका वाटला, बघून गेले."

मी घाईने म्हटलं, "काका, वसंतकाकाचो ईमेल दी. तेका एकट्याक परवानगी दितंय."

"नाय. एकट्याक दिलंस तर तेका कळतला मी वाट बघतंय. सगळ्यांक उघड." मग हसले. "तुझा इंटरनेट म्हणजे कचेरीच रे. गणपती माझो, फोटो माझे, आणि दर्शनाक परवानगी तेची."

फोटोंच्या कप्प्याला मी 'सर्वांना वाचता येईल' असं केलेलंच होतं. शोधता शोधता कळलं, पूर्ण खात्यावरच एक वरचं कुलूप होतं. नव्या खात्याला ते आपोआप लागतं, आणि त्याच्यापुढे आतल्या कप्प्याचं काही चालत नाही. ते काढलं. तरी काकांनी चढवलेले फोटो बंदच राहिले. त्यांना वेगवेगळी परवानगी द्यावी लागत होती. काकांनी पोदेराला ओट्यावर बसवून चहा दिला आणि त्याचा फोन हातात घेतला. मी म्हापशाहून एकेक फोटो उघडा करत होतो, ते तिकडून सांगत होते, "कवंडळ उघडला. फुडे. आंबाडो उघडलो. फुडे."

काम झाल्यावर मी लिंक पुन्हा गटात टाकली आणि म्हटलं, कोणत्या गावातून, कोणत्या देशातून कोणी पाहिलं याची नोंद ठेवता येते. ठेवू?

"दर्शनाक इल्ल्यांची हजेरी घेतत काय रे?"

तरीही मी ती त्यांना न सांगता चालू केली. वाटलं, मस्कतचं नाव दिसलं की फोन करून त्यांना सांगू. म्हापसा दिसलं, पुणं दिसलं, पोदेराचं पेडणंही दिसलं. चवथ संपली. मस्कत दिसलं नाही.

विसर्जनानंतर काकांनी विचारलं, "आता सगळ्यांक उघडता मरे?"

"उघडता," मी म्हटलं. त्यापुढे त्यांनी काही विचारलं नाही. मला मात्र त्यांच्याशी बोलायचा धीर होईना. त्यांना नको असलेलं उत्तर मी एकट्याने घेऊन बसलो होतो. फोन कमी केले, इब्रामपूरला जाणं टाळलं. होळीच्या शिगम्याआधी ते झोपेतच गेले. वसंतकाका आले नाहीत.

त्या आठवड्यात मी नोंद बंद केली. फोटो तसेच ठेवले आहेत. दर चवथीला मी माझ्या खात्यातून बाहेर पडतो आणि कोणीही परका उघडील तशी ती लिंक उघडून बघतो. उघडते.