घेण्यास नकार

आशालता केनीला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पदवीधर व्हायचं होतं आणि आता वाटेत एकच विषय उरला होता. औद्योगिक संबंध, चार क्रेडिट. बाकीचे विषय तिने मुक्त विद्यापीठाची पुस्तकं ओट्यावर उघडी ठेवून, एका हाताने भाजी परतत पार केले होते. इंग्रजीने तिला दोनदा लोळवलं होतं. या विषयाची मात्र तिला भीती नव्हती. वालीवला एका मजूर ठेकेदाराच्या ऑफिसात ती दहा वर्षं हजेरीपत्रक लिहीत होती. खाडा, नोटीस, बडतर्फी हे शब्द तिच्या तोंडात बसलेले होते. शिवाय घरात एक चालतंबोलतं उदाहरण होतं, तिचा नवरा एकनाथ.

एकनाथ सतरा वर्षं वसई पूर्वेला पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होता. अकरा वर्षांपूर्वी त्याला काढलं. आता तो एका सोसायटीच्या गेटवर दिवसपाळीला बसत असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, विचारो न विचारो, आपली कहाणी ऐकवत असे. कहाणीचा शेवट ठरलेला. "एक कागद पाठवला नाय मला कंपनीनं. एक! कोर्टात खोटं पत्र दाखवलं आन पोस्टमनला विकत घेतला." ते राहत त्या पापडीत ही गोष्ट ऐकली नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता.

परीक्षेआधी वीस गुणांचा एक स्वाध्याय द्यायचा होता. आपल्या परिसरातील एका औद्योगिक वादाचा अभ्यास करा, कुठे काय चुकलं ते लिहा. आशालताने हे नुसतं वाचून दाखवलं आणि एकनाथ कपाटावरची पत्र्याची पेटी काढायला स्टुलावर चढलासुद्धा.

"माझीच लिही," तो म्हणाला. "सगली कागदं हायत. तुझ्या मास्तरांना पन कलू दे, गरिबावर कसा अन्याय होतो."

अकरा वर्षांत त्याला इतकं खूष झालेलं तिने पाहिलं नव्हतं. कोणीतरी अखेर त्याची बाजू कागदावर मांडणार होतं, तेही सरकारी विद्यापीठाच्या कागदावर. तिने पेटी घेतली. त्या पेटीला तिने आजवर कधी हात लावला नव्हता, त्याला कारण होतं.

त्या वर्षी एकनाथला कावीळ झाली होती. औषधाला म्हणून तो आगाशीला बहिणीकडे जाऊन राहिला, तीन आठवडे. रजेचा अर्ज कोणी दिला नाही. द्यायचा असतो हे तरी कोणाच्या डोक्यात होतं? घरी आशालता आणि त्यांची लहानगी मुलगी दिशा. अशात पोस्टमन जयराम रजिस्टर पत्र घेऊन दारात आला. जयराम म्हणजे एकनाथचा शाळेपासूनचा मित्र, एका ताटात जेवलेले दोघं.

त्या काळात कंपन्यांच्या गेटांवर कामगारांमध्ये एकच शहाणपण चालत असे. रजिस्टर पत्र आलं तर घ्यायचं नाही, सही करायची नाही. सही केली की अडकलात. घेतलंच नाही तर कंपनी काय करणार? एकनाथही घरी हेच सांगत आला होता. आशालताने ते मनात पक्कं ठेवलं होतं.

"वयनी, घ्या. कंपनीचं दिसतंय," जयराम म्हणाला होता.

"नको भावजी, परत पाठवा."

"मंग मला वर लिहावं लागंल, घेण्यास नकार."

"लिहा ना. काय लिहायचं ते लिहा."

आठवड्याने दुसरं पत्र आलं. तेही तिने तसंच परत पाठवलं, या वेळी जरा ऐटीतच. आपण नवऱ्याची नोकरी राखतोय असं तिला वाटत होतं, बिचारीला.

एकनाथ थोडा बरा होऊन कामावर गेला तर गेटवरच अडवलं. घरी आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत अजून पिवळेपणा होता आणि पाय थरथरत होते. "आशा, काय कागद आलेला?" त्याने विचारलं. तिला त्याची ती अवस्था बघवली नाही. ती घाबरली आणि म्हणाली, "नाय." एवढंच. उद्या सांगू, बरा झाला की सांगू, असं म्हणता म्हणता तो कोर्टात गेला. तिथे जयरामला साक्षीला बोलावलं. जयराम म्हणाला, "शेरा माझा आहे. त्या घरातून पत्र नाकारलं." कोणी नाकारलं, ते ना कोणी विचारलं ना त्याने सांगितलं. त्याच संध्याकाळी एकनाथने त्याला पापडीच्या बाजारात, माणसांनी भरलेल्या रस्त्यात, विकला गेलेला कुत्रा म्हटलं. जयराम सायकल धरून उभा होता. त्याने एकदा एकनाथच्या मागे उभ्या आशालताकडे पाहिलं आणि काही न बोलता निघून गेला.

तेव्हा बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. मग आज नाही तर उद्या म्हणता म्हणता वर्षं गेली आणि बोलण्याची हिंमत आणखी आणखी कमी होत गेली. एकच गोष्ट सांगून तिने मन समजावलं होतं. त्या पत्रात काढून टाकल्याचंच असणार. घेतलं असतं तरी नोकरी जाणारच होती.

रविवारी सकाळी एकनाथ ड्यूटीवर गेल्यावर तिने पेटी उघडली. एका बाजूला पाठ्यपुस्तक, एका बाजूला निकालाची प्रत. पुस्तकात लिहिलं होतं की योग्य पत्त्यावर पाठवलेलं रजिस्टर पत्र नाकारलं, तर ते मिळालं असंच धरलं जातं. हे तिला नवीन नव्हतं, ऑफिसात ती हे शिकली होती. मग तिने निकाल वाचायला घेतला. दुसऱ्या पत्रात चौकशीची तारीख होती. आणि पहिल्या पत्रात काय होतं, ते न्यायाधीशांनी शब्दशः उतरवलं होतं: आपण विनापरवाना गैरहजर आहात. आठ दिवसांत वैद्यकीय दाखल्यासह कामावर रुजू व्हावे.

रुजू व्हावे. तिने ते तीनदा वाचलं. कंपनी त्याला बोलावत होती. आगाशीच्या डॉक्टरचा एक कागद लागला असता, बस्स. मग ती ओट्यापाशी जाऊन उगाच भांडी विसळत बसली. विसळलेलीच भांडी होती ती.

पुढच्या रविवारी एकनाथला सुट्टी होती. मोड आलेले वाल परातीत घेऊन तो सोलायला बसला. "वाच बघू, काय लिवलंस," तो म्हणाला. सोमवारी स्वाध्याय द्यायचा होता.

तिने वाचायला सुरुवात केली. कंपनी, प्रेस मशीन, सतरा वर्षं. तो माना डोलवत होता. "एकदा हाताचं बोट सापडलेलं, ते पन टाक," असं मध्ये मध्ये सुचवत होता. तिने कावीळ वाचली, आगाशी वाचली. मग ती थांबली.

"पुढं लिही," एकनाथ म्हणाला. "कंपनीनं पत्र पाठवलंच नाय. पोस्टमननं खोटा शेरा मारला. लिही ना."

"तसं नाय लिहिता येत."

"का? मास्तर मार्क कापतील?"

"पत्रं आलेली," आशालता म्हणाली. "दोन. मीच परत पाठवली. तुम्ही सांगितलेलं ना, घ्यायचं नाय म्हणून. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. जयराम भावजींनी घ्या म्हणून सांगितलेलं. त्यांचा काहीच दोष नव्हता."

एवढ्यात तिला रडू फुटलं. तो ओरडेल, परात भिरकावेल, काहीही करेल याची तिने तयारी ठेवली होती. खरं तर तिला तेच हवं होतं. एकनाथ हातातला वाल सोलत राहिला. तो सोलून झाल्यावर त्याने दुसरा घेतला, आणि तो मात्र त्याच्या बोटांत तसाच राहिला.

"त्यात काय लिवलेलं, पहिल्या पत्रात?"

"कामावर या म्हणून."

त्याने हातातला वाल परातीत टाकला. "निकालात होतं ते," तो म्हणाला. "मी वाचलेलं. मला वाटलं, मागाहून बनवलंय."

मग त्याने तो प्रश्न विचारला, ज्याची तिने तयारी केलीच नव्हती.

"जयरामला ठावं होतं, तू परत पाठवलंस ते. मी त्याला शिव्या घालत होतो तेव्हा पन?"

"हो."

"तरी तो काय बोलला नाय?"

तिने मान हलवून नाही म्हटलं. जयराम गेल्या श्रावणात वारला होता. त्याची अंत्ययात्रा याच गल्लीतून गेली आणि एकनाथने उठून, सगळ्यांना दिसेल असं, दार लावून घेतलं होतं. तिने लावू दिलं होतं.

एकनाथ उठला. खुंटीवरचा सदरा घातला, बटणं चुकीच्या काजात गेली. ती सारखी करायला आशालता पुढे झाली तर तो दोन पावलं मागे सरला. तसाच बाहेर पडला.

तो दुपारी परतला. ती दारातच उभी होती.

"रुक्मिणीवयनीकडं गेलेलो," तो म्हणाला. जयरामची बायको ती. "तिला सगलं ठावं होतं. बोलली, आमच्याकडं तुमचं नाव निघालं की हे सांगायचे, आशावयनीचं नाव कुनापुढं काढायचं नाय, पोरगी लहान हाय, त्यांचा संसार मोडंल."

आशालता उंबऱ्यावर बसली. तोही जरा अंतर ठेवून बसला, आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला.

"नोकरी गेली ती गेली," तो म्हणाला. "माझी चूक, तुझी चूक, आता काय. पन आशा, तो शेवटी शेवटी सायकल घेऊन आपल्या दारावरनं जायचा, घंटी वाजवायचा, आठवतं? मी बोलायचो, बघ, मुद्दाम चिडवतो. रुक्मिणीवयनी बोलली, तो मला हाक मारायचा."