दुसऱ्याच्या नावावरचं घर

माझा दादा सिंदी रेल्वे या आमच्या वर्ध्याकडच्या गावात एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होता. सत्तरच्या दशकात आफ्रिकेतल्या एका देशात कापसाच्या नव्या जिनिंग उभ्या राहत होत्या, तिथे त्याला नोकरी लागली. पाच-सहा वर्षांनी त्याने तिकडेच घर घ्यायचं ठरवलं. वहिनीला कंपनीच्या दोन खोल्यांचा वीट आला होता.

अडचण एकच होती. परदेशी माणसाच्या नावावर तिथे जागा होत नसे. तिथल्या वकिलाने रस्ता सांगितला होता: तुमच्याच नावाने लांब मुदतीचा भाडेपट्टा करा आणि सरकारी कचेरीत नोंदवून घ्या. दादाने पत्र लिहून बाबांचा सल्ला मागितला. पत्र मी वाचून दाखवलं, कारण घरात शिक्षिका मी, आणि बाबांचा चष्मा कायम फुटलेला.

बाबा हसले. "वकील आपलं पोट भरून राह्यला. त्याले लिही, तिथल्या एखाद्या भरोशाच्या माणसाच्या नावानं घे म्हणा. आपले चार एकर कोणाच्या नावावर हायेत?"

ते होते आमच्या सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या नावावर. सीलिंगचा, म्हणजे कमाल जमीन मर्यादेचा कायदा आला तेव्हा जास्तीची जमीन सरकारात जमा होऊन भूमिहीनांना जाणार होती. मग बऱ्याच जणांनी केलं तेच बाबांनी केलं. सातबाऱ्यावर सालदाराचं नाव चढवलं आणि पीक आमच्या घरात येत राहिलं. खराखुरा भूमिहीन माणूस कागदावर मालक झाला आणि आमच्याच बांधावर बसून आमची भाकर खात राहिला. याला सगळे हुशारी म्हणत. मीही म्हणत होते, हे कबूल करते.

"वकिलाचं ऐकू द्या न त्याले," मी म्हटलं.

"तुले काय समजते जमिनीतलं?" बाबा म्हणाले. मी मुकाट्याने ते सांगतील तसं लिहिलं.

दादाने जिनिंगमधल्या एका स्थानिक मिस्त्रीच्या नावावर घर घेतलं. लिखापढी काही नाही, नुसता शब्द. वहिनीने ओसरीची फरशी स्वतः निवडली, स्वयंपाकघरात खिडकी पाडून घेतली. दोन वर्षांनी मिस्त्री म्हणाला, घर माझं आहे, कागद बघा, आता खाली करा. दादाला कोर्टात जायचीही सोय नव्हती. कायदा चुकवायला मी दुसऱ्याचं नाव लावलं, हे तो कोणत्या तोंडाने सांगणार? तो नोकरीसाठी तिकडेच राहिला; वहिनी दोन पेट्या घेऊन परत आली आणि आमच्या माजघरात अंथरूण टाकून राहिली. त्या घराविषयी ती कुणाशी बोलत नसे.

बाबा मात्र दिवसभर बोलत. मिस्त्री बेइमान, त्याची जात बेइमान, तो अख्खा देशच बेइमान. वकिलाचं ऐकलं असतं तर हे झालं नसतं, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. एके दिवशी जेवताना माझं डोकंच फिरलं.

"तो बेइमान काऊन?" मी विचारलं. "कायद्यानं घर त्याचंच हाय. आपल्या सालदारानं उद्या हेच केलं तं? अन् ते चार एकर तं त्याच्यासारख्यालेच भेटणार होते."

बाबांचा घास हातातच राहिला. ताट अर्धवट टाकून ते उठले. मला वाटलं, लागलं कुठेतरी. मी इतकी मूर्ख होते.

दुसऱ्या दिवशी ते वर्ध्याला जाऊन स्टॅम्पपेपर घेऊन आले आणि सालदाराला ओसरीत बोलावलं. शाईचं पॅड समोर ठेवलं. मला म्हणाले, "बस इथं. साक्षीदार पाह्यजे."

कागद कोरा होता.

"बाई, काय लिहिलं हाय याच्यात?" सालदाराने मलाच विचारलं.

"अजून काही नाई लिहिलं, काका," मी म्हटलं. त्यापुढचं सांगायला हवं होतं: अंगठा झाल्यावर बाबा वर हवं ते लिहितील, चार एकर परत केले असंही. बाबा माझ्याकडे बघत होते आणि दारात वहिनी उभी होती.

"तुम्ही सही करून राह्यल्या न?"

"हो."

"मंग झालं," तो म्हणाला आणि त्याने अंगठा उमटवला. त्याच्याखाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं, शाळेच्या हजेरीपटावर लिहावं तसं, स्वच्छ अक्षरात.