जावयाच्या हातातला पाना

पार्किंगच्या फरशीवर ऑइलचा काळा डाग दिसला की मला बोरी अरब या आमच्या गावच्या अंगणातली ती दुपार आठवते. बाबांच्या जुन्या गाडीचं ऑइल गळत होतं आणि मागचे शॉकअप इतके गेले होते की दारव्ह्याला पोचेपर्यंत कंबर धरायची. मी पाना उचलला की बाबा म्हणत, "ठेव तो. तुले काय समजते त्यातलं?" त्या दिवाळीला ताईचे यजमान आले. आमच्याकडे जावयाला पाण्याचा पेलाही उचलू देत नाहीत, पण बाबांनी त्यांच्या हाती आपला पाना दिला. ते नव्या सदऱ्यासकट गाडीखाली शिरले आणि बाबा शेजारी उकिडवे बसून हसत राहिले. माझ्यासोबत ते तसे कधी बसले नव्हते. मला म्हणाले, "जवाईबापूसाठी चहा आन." शॉकअप बसले, पॅकिंग बदललं. नवं ऑइल भरण्याआधी ऑइलच्या चेंबरचा खालचा बोल्ट तेवढा राहिला होता. तो मी हट्टानं मागून घेतला आणि सगळा राग काढून आवळला. आटे गेल्याचं, पकड सुटल्याचं हाताला कळलं, तरी मी बोललो नाही. पाहुणे गेल्यावर गाडीखाली पुन्हा थेंब दिसले. बाबा वाकून बघत हळूच म्हणाले, "हौसेनं केलं त्यायनं. चुकते मानूस." माझी चूक जावयाच्या नावावर गेली याचं मला आजही काही वाटत नाही, त्या चुकीवरची बाबांची माया त्यांना मिळाली, याचं वाटतं.