पाणी न पिता केलेलं काम

"दिवसातून लघवीला किती वेळा जाता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"सकाळी घरून निघताना आणि संध्याकाळी परत आल्यावर."

त्यांनी लिहायचं थांबवलं. "आणि मधे?"

"मधे जागा नसते, मॅडम."

समोर माझा सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. मला पायलोनेफ्रायटिस झाला होता. म्हणजे लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग वर चढत किडनीपर्यंत पोचतो. माझी उजवी किडनी सुजली होती. "आजच ॲडमिट व्हा. हे रक्तात पसरलं तर जिवावर बेतेल," त्या म्हणाल्या. मी विचारलं, उद्या आले तर चालेल का, दुपारी मुलुंडला काम घेतलंय. त्यांनी वळून नर्सला बेड बघायला सांगितलं.

मी ब्युटिशियन आहे, घाटकोपरला राहते. ज्या पार्लरमध्ये होते ते बंद पडलं, म्हणून ॲपवर नाव घातलं. मोबाइलवर काम येतं. बॅग उचलून गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, वॅक्सिंग, फेशियल करायचं, की पुढचं घर.

सुरुवातीला मी बाथरूमसाठी विचारायचे. पवईच्या एक बाई म्हणाल्या, "खाली वॉचमनला विचार." वॉचमन म्हणाला, चावी सोसायटीच्या ऑफिसात आहे, ऑफिस बंद आहे. दुसऱ्या एका घरी हो म्हणाले, आणि नंतर ॲपवर तक्रार लिहिली की हिने आमचं बाथरूम वापरलं. त्यानंतर मी विचारणं सोडलं. पाणी पिणंही सोडलं.

आधी नुसती जळजळ होती. मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या, बरं वाटलं, पंधरा दिवसांनी परत तेच. मग कमरेच्या वर उजवीकडे दुखायला लागलं. मला वाटलं, बॅगेच्या वजनाने असेल. एके दिवशी भांडुपला एका कॉलेजातल्या मुलीचं वॅक्सिंग करताना इतकी थंडी भरली की हातातली पट्टी धरवेना. "दीदी, बसा ना तुम्ही," ती म्हणाली. तिने पाणी आणून दिलं. पुढे अजून एक घर होतं, म्हणून तेव्हाही मी ते प्यायले नाही.

पालिकेच्या रुग्णालयात पहिल्या दिवसापासून सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. लघवी कल्चरला पाठवली. कल्चर म्हणजे कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो, ते बघायची तपासणी. तिला दोन-तीन दिवस लागतात. तोवर ताप चढत-उतरत राहिला.

माझा नवरा संजय स्टुलावर माझा फोन घेऊन बसायचा. आठवडाभराची कामं आधीच घेतलेली होती. एकेक रद्द केलं की रेटिंग खाली जायचं.

"आजारी आहे असं लिही ना रे."

"कुठे लिहू? कारणांचे चारच पर्याय आहेत. आजारपण नाहीये त्यात."

त्याने मदतीच्या चॅटवर लिहिलं. लगेच उत्तर आलं, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. त्याने पुन्हा लिहिलं, बायको ॲडमिट आहे. पुन्हा तेच वाक्य आलं. "माणूस नाहीये गं तिकडे," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला. सुरू असलेलं औषध त्या जंतूवर चालत नव्हतं. ते बदललं. चौथ्या दिवशी ॲपवरचा माझा आयडी बंद झाला, म्हणजे काम येणंच थांबलं. संजयने संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. भांडायला तरी समोर कोणी हवं.

पाचव्या दिवशी ताप उतरला, आठव्या दिवशी घरी सोडलं. वॉर्डातल्या आयामावशींनी मला रोज न कंटाळता धरून संडासापर्यंत नेलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

माझ्यासारख्या फिरतीवरच्या बायकांना एवढंच सांगते. जळजळ, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं आणि थंडी वाजून ताप, हे एकत्र आलं तर मेडिकलवाल्याकडे थांबू नका. सरळ डॉक्टर गाठा.

महिन्याभराने ॲपवर निरोप आला, काम पुन्हा सुरू करायचं तर डॉक्टरांचं पत्र जोडा. मी संजयला घेऊन ओपीडीत गेले. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिले. किडनीवर थोडा व्रण राहिलाय, म्हणाल्या.

"कामाला योग्य आहात असं लिहिते. पण दर तीन तासांनी बाथरूमला जाणं गरजेचं आहे, हेही लिहिणार. नाहीतर महिन्याभरात परत याल." त्यांनी लेटरहेड पुढे ओढलं. "कोणाच्या नावाने लिहू? साहेब कोण तुमचे?"

मी आठवून पाहिलं. ॲपवर दोन वर्षं काम केलं होतं. पार्लरच्या मालकिणीच्या घरचं लग्नसुद्धा मी जेवले होते. इथे मात्र मला एकही नाव सांगता येईना. संजयकडे पाहिलं. त्याने फोनवर ॲप उघडून शोधलं, तिथेही कोणाचं नाव नव्हतं.

बाहेर पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला गेला.

"बरं, असू दे," डॉक्टरबाई म्हणाल्या. वरची ओळ कोरी ठेवून त्यांनी खाली सगळं लिहिलं, सही केली, शिक्का मारला, आणि पत्र माझ्या हातात दिलं.