झुवैना आणि समुद्राचं जुळं

ओमानच्या किनाऱ्यावर, हुवैर गावापाशी, खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात झुवैना आणि मी सतरा वर्षं शेजारी बसलो. समोरच्या पडद्यावर कारखान्याचं डिजिटल जुळं होतं: तेच पंप, तेच नळ, तोच समुद्र. पाण्यात बसवलेली मापकं क्षणाक्षणाला आकडे पाठवायची आणि त्यांवर ते जुळं जगायचं. कॉफीचा पेला हातात धरून झुवैना तासन् तास त्या निळाईत हरवलेली असे. "आज श्वास जड लागतोय रे तुझा," असं ती त्या जुळ्याशी पुटपुटली, की दुसऱ्या दिवशी एखादा पंप हमखास बिघडायचा.

मार्चमधल्या एका सकाळी ती आली ती चपला हातात घेऊन. झग्याची कड ओली होती.

"काय उम्म नबहान, पोहून आलात की काय?" आमचे मुख्य अभियंते यारूब हसले. मुलाच्या नावावरून सगळे झुवैनाला उम्म नबहान, म्हणजे नबहानची आई, म्हणत.

"समुद्र लाल झालाय. शेवाळ आलंय. आत येणारं पाणी बंद करा."

"अहो, पडद्यावर बघा! काचेसारखं पाणी आहे."

ती वाकून बघत राहिली. मग एका रेघेवर तिनं बोट ठेवलं. "मंगळवारी सव्वादहाला नाव जवळून गेली, तेव्हा ही रेघ अशीच उसळली होती. अगदी अशीच. आज एकही नाव बाहेर नाही. कुणीतरी ह्याला मंगळवारचं स्वप्न दाखवतंय."

यारूबांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः झडपा बंद केल्या. तासाभराचा उशीर झाला असता, तर गाळण्या तुंबून नऊ गावं महिनाभर कोरडी पडली असती. कुणीतरी बाहेरून शिरून जुने आकडे भरत होतं. कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

झुवैना आठवडाभर पडद्याकडे पाठ करून बसली. "त्याचा दोष नाही गं, पण बघवत नाही," मला म्हणाली.

मग मस्कतहून तज्ज्ञ आले. त्यांनी ब्लॉकचेनचा उपाय सांगितला. प्रत्येक आकड्यावर मापकातच वेळेचा शिक्का बसेल, त्या शिक्क्यात आधीच्या शिक्क्याची खूण असेल. एक आकडा बदलला, तर पुढची सगळी साखळी तुटेल. साखळीच्या प्रती आमच्याच तीन इमारतींत ठेवायच्या.

"आणि तिन्ही किल्ल्या एकाच खिशात?" झुवैना म्हणाली. "माझे वडील फलजच्या, गावाच्या सामाईक पाटाच्या, पाण्याच्या पाळ्या लावायचे. पाळ्या सगळ्या वाटेकऱ्यांना पाठ असायच्या. वडिलांनासुद्धा एकट्यानं बदलता आल्या नसत्या."

तज्ज्ञ हसले. यारूब हसले नाहीत. प्रती गेल्या शाळेत, दवाखान्यात, कोळ्यांच्या संस्थेत.

तीन वर्षांनी, झुवैना निवृत्त झाल्यावर, एका दुपारी जुळ्याचा समुद्र अचानक राखाडी झाला. खाली अक्षरं उमटली: कडी जुळत नाही. पुन्हा कुणीतरी जुने आकडे घुसवत होतं, आणि एकही प्रत ते मान्य करत नव्हती. आम्ही धावत जाऊन पाणी हातानं तपासलं. गावांचे नळ चालूच राहिले.

यारूबांनी उत्साहानं तिला फोन लावला. पलीकडून पेंगुळलेला आवाज आला, "गावाला पाणी आहे ना?"

"आहे, उम्म नबहान!"

"मग झोपू द्या की हो मला."