किर्यात मलाखीचा राजा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आज सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. संताप होतोय म्हणून सांगतोय. स्वतःचाच.

सत्तरच्या दशकात इथे इस्राएलमध्ये एका प्राचीन यहुदी राजावर हिब्रू चित्रपट निघाला होता. पोरसवदा राजा, बाप मारला गेलेला, भोवती कारस्थानी दरबारी. राजाचं काम केलं होतं ससूननं — माझ्या मावसभावानं. ठाण्यात जन्मलेला, इथल्या किर्यात मलाखी या गावात वाढलेला, आम्हा मराठी यहुद्यांच्याच काळ्यासावळ्या रंगाचा. मावशीनं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

मी तेव्हा यरुशलेमला एका वर्तमानपत्रात होतो. चित्रपटांची परीक्षणं लिहायचो, पण टोपणनावानं — इतकं अस्सल हिब्रू नाव, की वाचणाऱ्याला माझ्या मुंबईचा वासही येऊ नये. घरच्यांना वाटे, मी बातम्यांची भाषांतरं करतो. मीही तसंच वाटू दिलं.

बाकीच्या समीक्षकांनी काय लिहिलं? लढाया लुटुपुटीच्या, दाढ्या चिकटवलेल्या, संवाद लांबलचक. खरंच होतं ते. पण राजा चांगला वठलाय, असंही लिहिलं. आणि मी? बापाच्या प्रेतापाशी ससून नुसता उभा राहतो, रडत नाही — ते पाहताना मी टिपणवही मिटून ठेवली होती. बाहेर आलो, तर कचेरीतला एकजण म्हणाला, हा राजा चुकीच्या बोटीतून उतरलाय — म्हणजे हिंदुस्थानातून आलेल्या. सगळे हसले. मीही हसलो. का? तो माझा कोण, हे त्यांना कळू नये म्हणून.

मग टेबलाशी बसलो आणि तोच विनोद परीक्षणात घातला. वर स्वतःची भर — याच्या डोक्यावर मुकुट ठेवला तरी हा आपला चहाच घेऊन आलाय असं वाटतं. चहा! हे त्यांच्यापैकी कुणाला सुचलं नसतं हो. ते मुंबईच्या माणसालाच सुचतं.

इतरांचं लिहिलेलं लोक विसरले. माझं वाक्य तेवढं राहिलं. ससूनकडे रस्त्यात पोरं चहा मागू लागली. पुढच्या चित्रपटातलं ठरलेलं काम गेलं. तो कारखान्यात लागला.

मावशीला हिब्रू वाचता येत नव्हतं. तिनं मलाच बोलावून परीक्षण वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं — माझंच, मराठीत, जरा सौम्य करून.

"कोन मेला हाय तो?" ती म्हणाली. "तू लिव त्याला जबाब. तुला त्यांची भाषा येते."

जबाब छापून आला की एलियाहू हन्नबी या आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताचा मलिदा करीन, असा नवसही बोलली. मी हो म्हटलं. एक ओळ लिहिली नाही. काही दिवसांनी सांगितलं, पाठवला होता, त्यांनी छापला नाही.

मावशीनं पेपरवाल्यांना शिव्या घातल्या. आणि तरीही मलिदा केला — निदान मी त्यांच्याशी भांडलो तरी, म्हणून. नारळ घातलेले गोड पोहे, खजूर, केळी. सगळ्यांच्या आधी माझ्या हातावर ठेवला. घशाखाली उतरला नाही असं म्हणायला बरं वाटलं असतं — पण मी मागून घेतला.

मावशी गेली. ससून अजून कारखान्यातच आहे. परवा माझ्यादेखत मुलीला सांगत होता, "सगळे हसत व्हते तवा तुझ्या काकानं एकट्यानं माझ्यासाठी लिवलं."

तिनं माझ्याकडे वळून हिब्रूत विचारलं, खरंच का?

मी हो म्हटलं.